ऑपरेशनच्या आधीचे दिवस कुणाचे?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली सव्वीस वर्षं कॅन्सर झालेल्या बायकांबरोबर काम करते. शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय ‘कॅन्सरनंतरचं पुनर्वसन’ असा छापला आहे. आयोजक मैत्रिणींनी रागावू नये, पण मी नंतरचं बोलणार नाही, आधीचं बोलणार आहे. गाठ कॅन्सरची आहे हे कळल्यापासून ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत जे दोन-तीन-चार आठवडे जातात, त्यांच्याबद्दल. आपल्याकडे पुष्कळ बायकांना गाठ मोठी झाल्यावर निदान होतं. मग आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करतात. अशा वेळी हे दिवस चार-सहा महिन्यांचेही असतात.

हे दिवस जातात कसे, ते आठवून बघा. घरात धावपळ सुरू होते. पैसे कुठून आणायचे, योजनेसाठी रेशनकार्ड कुठंय, मुंबईत कुणी ओळखीचं आहे का. पुरुषमंडळी फायली घेऊन फिरतात. आणि जिचं ऑपरेशन, ती काय करते? ती घर आवरते. डबे भरून ठेवते, गोधड्या धुते, दळण करून ठेवते. ‘मी नसताना कुणाची अडचण नको.’ भरती व्हायच्या आदल्या दिवशी वर्षाची ज्वारी निवडून, वाळवून कणगीत भरून आलेली बाई मी पाहिली आहे. वजन बेचाळीस किलो, हिमोग्लोबिन आठ. आल्या आल्या तिनं मला विचारलं, “भाकरी टाकायला कधी बसता येईल?”

पहिलटकरणीला आपण सातव्या महिन्यात माहेरी नेतो. तिचं खाणं बघतो, तिला दोन घटका पडू देतो. तिच्या शरीराला एक मोठं काम करायचंय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुस्तीला उतरणाऱ्या पैलवानाचा खुराक महिनाभर आधी सुरू होतो. कॅन्सरचं ऑपरेशन हेसुद्धा शरीराचं मोठं काम आहे. पण त्याआधी बाईला ना माहेरपण, ना खुराक.

ऑपरेशनमध्ये शरीराचं काय होतं ते थोडक्यात सांगते. जखम भरून काढायला शरीराला जे लागतं, ते ताटात आलं नाही तर शरीर स्वतःच्या स्नायूंमधून काढून घेतं. त्यात चार-आठ दिवस अंथरुणात गेले की स्नायू आणखी झडतात. भूल आणि दुखणं यामुळे श्वास वरवरचा होतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होऊ शकतो. पाय हलले नाहीत तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती. म्हणजे कणगीत धान्य किती आहे यावर दुष्काळ कसा निघणार ते ठरतं. रिकामी कणगी घेऊन गेलेली बाई ऑपरेशनातून वाचते, पण नंतर तीन महिने उठत नाही. मग पुढची रेडिएशन, केमो वेळेवर सुरू होत नाही. खरं नुकसान तिथं होतं.

या तयारीला आता वैद्यकशास्त्रात ‘प्रीहॅबिलिटेशन’ असं जड नाव मिळालं आहे. आपण पूर्वतयारी म्हणू. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फ्रान्चेस्को कार्ली नावाचे भूलतज्ज्ञ यावर बरीच वर्षं काम करत आहेत. त्यांच्या गटानं २०१४ साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम, प्रथिनांचा आहार आणि मनाची घालमेल कमी करण्याचे उपाय, हे एका गटाला ऑपरेशनच्या चार आठवडे आधीपासून दिले, दुसऱ्याला फक्त ऑपरेशननंतर. आठ आठवड्यांनी मोजलं तेव्हा पहिल्या गटातले ८४ टक्के लोक पूर्वीइतकं चालू लागले होते, दुसऱ्या गटातले ६२ टक्के. पुढे २०२३ मध्ये अनेक देशांतल्या २५१ रुग्णांचा असाच अभ्यास आला. तोही आतड्याच्या कॅन्सरचाच. तयारी केलेल्यांमध्ये गंभीर गुंतागुंत १७ टक्के, न केलेल्यांमध्ये जवळजवळ ३० टक्के. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडत नाहीत, त्यामुळे तिथं हाच आकडा लावून चालणार नाही. पण पोटाची, फुप्फुसाची, तोंडाची मोठी ऑपरेशनं आपल्या बायकांचीही होतात, आणि हे अभ्यास झाले त्या देशांमधल्या बायका आपल्या बायकांइकत्या रक्तहीन नसतात. आपल्याकडे पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर महिनोन्‌महिने अंगावरून जात असतं. म्हणून पहिल्याच दिवशी विचारायचं, हिचं हिमोग्लोबिन किती? लोहाच्या गोळ्यांना आठवडे लागतात. दिवस कमी असतील तर शिरेतून लोह देता येतं. पण ते ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी लक्षात आलं, तर रक्ताची बाटली चढवणं किंवा तारीख पुढे ढकलणं एवढंच हातात राहतं.

एक गोष्ट आधीच बजावते. तयारीसाठी ऑपरेशन लांबवायचं नाही. ‘आधी अंगात ताकद येऊ दे, दिवाळीनंतर बघू’ ही पूर्वतयारी नव्हे. तारीख मिळेपर्यंत तपासण्या, कागद, रांगा यांत जे दिवस जाणारच आहेत, ते वापरायचे.

आता तंबाखू. दवाखान्यात बाईला विचारतात, “सिगारेट ओढता का?” ती म्हणते, “नाही.” तिनं खरं सांगितलेलं असतं. फॉर्मवर ‘व्यसन नाही’ असं लिहिलं जातं. मिशरीबद्दल कुणी विचारलेलंच नसतं! मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. सकाळी दात घासायला, मग दुपारी पोट साफ होत नाही म्हणून, मग भूक मारायला, मग सासू ओरडली म्हणून. आपल्या कित्येक बायका दिवसातून पाच-सहा वेळा ती लावतात आणि तिला व्यसन म्हणत नाहीत. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं, टाके नीट जुळत नाहीत. चार आठवडे आधी सुटली तर उत्तम, पण दोनच दिवस उरले असले तरी सोडलेली बरी. सुटताना डोकं दुखतं, चिडचिड होते, शौचाला होत नाही. त्यावर उपाय आहेत, त्यासाठी गोळ्या-च्युइंगमही मिळतात. पण आधी तिला लाज न वाटेल असं विचारा. “मिशरी लावता का?” असं नाही, “मिशरी दिवसातून किती वेळा लागते?” असं विचारा. उत्तर येतं. आणि चुलीच्या धुराबद्दलही विचारा. चुलीपुढे तीस वर्षं बसलेल्या बाईची फुप्फुसं सिगारेट न ओढताही दमलेली असतात, आणि भूलतज्ज्ञाला हे माहीत असायला हवं.

खाण्याबद्दल मला सगळ्यात जास्त भांडावं लागतं. डॉक्टर म्हणतात “प्रोटीन खा”, आणि घरचे हजार रुपयांचा पावडरचा डबा आणतात. पन्नास किलो वजनाच्या कॅन्सरच्या रुग्णाला दिवसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, पेलाभर दुधात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत सात. मटकीची, हुलग्याची उसळ, सुकट, शेंगदाण्याचा लाडू, हे सगळं आपल्या घरचंच आहे. अडचण पदार्थांची नाही, ताटाची आहे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्याच्या तळाला जे पातळ उरतं ते बाईचं. अंडी आणली तर ती मुलांच्या आणि नवऱ्याच्या ताटात जातात. हे तीन आठवडे तिनं पहिल्या पंगतीला बसायचं, एवढंच मी घरच्यांना सांगते. सासूबाईंना हे सांगताना ‘औषध’ हा शब्द फार उपयोगी पडतो. “दोन अंडी हे हिचं औषध आहे, मी लिहून देते.” असं लिहून दिल्यावर अंडी मिळतात. याचं मला दर वेळी हसू येतं आणि वाईटही वाटतं. सरकारी योजनेतून ऑपरेशनचा खर्च निघतो. त्याआधीच्या तीन आठवड्यांच्या दूध-अंड्यांना मात्र कुठल्याच रकान्यात जागा नाही.

आणि उपवास! ऑपरेशन नीट व्हावं म्हणून बाई सोमवार धरते, गुरुवार धरते, अनवाणी चालायचं बोलते. तिच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. नवस ऑपरेशननंतर फेडायचा करा, एवढंच म्हणते. देवाला घाई नसते. मधुमेह असेल तर उपवासाचा साबुदाणा आणि उपाशी पोटी घेतलेली गोळी दोन्ही वाईट.

ऑपरेशनच्या दिवसाच्या उपवासाचंही ऐका. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको’ असं सर्रास सांगतात. नंबर लागतो दुपारी तीनला. पंधरा तास बाई कोरडी. भूलतज्ज्ञांचे नियम १९९९ पासून वेगळं सांगतात. ज्यांच्या पोटाच्या तक्रारी नाहीत त्यांना हलकं जेवण सहा तास आधीपर्यंत आणि पाणी, गाळलेलं सरबत, बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. आपण आपल्या मनानं पाणी पाजायचं नाही, पण विचारायचं: “पाणी नक्की किती वाजेपर्यंत चालेल?” हा प्रश्न विचारणारं कुणी नसतं म्हणून उत्तर मिळत नाही.

व्यायामाचं नाव काढलं की हमखास ऐकू येतं, “ती दिवसभर राबते की, तिला कसला व्यायाम?” राबणं आणि व्यायाम यात फरक आहे. हंडा उचलताना कंबर झिजते, ओणवं बसून गुडघे दुखतात, पण अर्धा तास सलग चालून छातीचा भाता कामाला लागतो तसा तो फरशी पुसून लागत नाही. शिवाय कामाला विश्रांती जोडलेली नसते. मी सांगते ते साधं आहे. रोज अर्धा तास चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा, दिवसातून तीनदा. जागं असताना तासातासाला दहा खोल श्वास. तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र मिळालं तर त्यातून हवा ओढायची, फुंकायची नव्हे. पोटाचं ऑपरेशन असेल तर पोटावर उशी दाबून धरून खोकायचं कसं, हे आधीच शिकायचं. भुलीतून उठल्यावर, दुखत असताना, नवी गोष्ट डोक्यात शिरत नाही. अंगावरून फार जात असेल, छातीत दुखत असेल, हाडात कॅन्सर गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करायचं नाही.

स्तनाच्या ऑपरेशनसाठी एक खास गोष्ट. भिंतीकडे तोंड करून बोटांनी हळूहळू वर चढायचं, आणि हात जिथपर्यंत पोचेल तिथं पेन्सिलीनं रेघ मारायची. तारीख घालायची. ऑपरेशननंतर पुन्हा त्या रेघेपर्यंत पोचायचं. पुढे रेडिएशन घ्यायचं तर हात डोक्यावर ठेवून पडावं लागतं. खांदा आखडला तर ते जमत नाही. मराठवाड्यातल्या एका बाईनं ही रेघ घराच्या मातीच्या भिंतीवर कुंकवानं ओढली होती. दोन महिन्यांनी पुन्हा रेघ गाठली तेव्हा तिच्या मुलीनं मला फोन केला.

आता मनाचं. इथं जमलेल्या सगळ्या जणी बाईच्या हक्कांबद्दल बोलणाऱ्या आहेत, म्हणून स्पष्ट बोलते. घरचे डॉक्टरांना बाहेर गाठून सांगतात, “तिला सांगू नका, ती खचेल.” मग तिला सांगितलं जातं की एक गाठ काढायची आहे. ती शुद्धीवर येते तेव्हा स्तन नसतो. अशी एक बाई चार दिवस कुणाशीही बोलली नव्हती. पाचव्या दिवशी म्हणाली, “मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.”

ही लढाई आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत बाईला भूल देऊन गाठीचा तुकडा तपासायचे आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचे. झोपताना तिला माहीत नसायचं उठल्यावर काय असेल. रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईला १९७४ साली गाठ आली तेव्हा तिनं ठाम सांगितलं, आधी फक्त तपासणी, मग माझा निर्णय. एकामागून एक सर्जननी तिला नकार दिला. तिनं त्यावर लिहिलं, बोलली, भांडली. १९७९ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांची समिती बसवली. डॉक्टर नसलेली ती एकटीच त्या समितीत होती. तपासणी आणि ऑपरेशन ही दोन वेगळी पावलं असावीत, अशी शिफारस तेव्हा झाली. मधल्या त्या दिवसांवर बाईचा हक्क असा मिळवावा लागला.

आपल्याकडचा दाखला समीरा कोहली खटल्याचा. तो कॅन्सरचा नव्हता, पण आपल्या कामाचा आहे. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांच्या या अविवाहित बाईंना दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून भूल दिली. त्या भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला: सज्ञान, आपलं बरं-वाईट कळणाऱ्या बाईची स्वतःची संमती हवी, आईची चालत नाही. तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही. अपवाद जीव वाचवण्यासाठी ताबडतोब करावं लागणाऱ्या गोष्टीचा. म्हणजे नवऱ्याची सही असली तरी ती बाईच्या सहीची जागा घेत नाही. फॉर्म आधी घरी न्यायला मागा, वाचून दाखवा. ऑपरेशनच्या दारात, अंगावर हिरवा झगा घातल्यावर मिळालेला फॉर्म कोण वाचणार?

तिला काय काय माहीत हवं? काय काढणार, काय ठेवणार. स्तन वाचवता येईल का, नसेल तर का नाही. शुद्धीवर येईल तेव्हा कुठं नळ्या असतील आणि त्या किती दिवस. दुखलं तर काय मागायचं. पाळी, मूल, शरीरसंबंध यांचं काय. शेवटचा प्रश्न बाई कधीच विचारत नाही, म्हणून आपणच काढायचा, नवरा खोलीबाहेर असताना.

छोट्या गोष्टीही आधी सांगा. ऑपरेशनच्या सकाळी नर्स येते आणि म्हणते, “मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढा.” बाई हादरते. त्या क्षणी तिच्या मनात काय येतं ते मी इथं सांगायला नको. एका बाईचा रक्तदाब त्या वेळी इतका चढला की ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. हे आधी कळलं तर ती घरीच स्वतःच्या हातानं काढून ठेवते, लेकीकडे देते. नखांना रंग, बोटांना मेंदी लावून जाऊ नये. बोटाला लावतात त्या चिमट्याला रक्तातला प्राणवायू नीट मोजता येत नाही.

तोंडाच्या कॅन्सरच्या बायकांची तयारी वेगळी. ऑपरेशननंतर काही दिवस बोलता येत नाही, नाकातल्या नळीतून जेवण. लिहिता येणाऱ्याला पाटी देतात. लिहिता न येणाऱ्या बाईचं काय? तिच्याबरोबर आधी बसून खुणा ठरवाव्या लागतात. दुखतंय, तहान लागलीय, कूस बदला, मुलाला बोलवा. एकीनं ‘नणंदेला आत पाठवू नका’ याचीही खूण ठरवून घेतली होती. मी ती इमानदारीनं पाळली.

आणि कृपा करून तिला ‘खंबीर राहा, सकारात्मक विचार कर’ असं सांगू नका. रडल्यानं कॅन्सर वाढत नाही. रोज सकाळपासून तिला खंबीर चेहरा करून घरच्यांना धीर द्यावा लागतो, तेच एक काम होऊन बसतं. त्यापेक्षा हेच ऑपरेशन झालेली एखादी बाई तिला भेटवा. ती ब्लाउजचं बटण काढून व्रण दाखवते, हात वर करून दाखवते. माझ्या तासाभराच्या समजावण्यानं होत नाही ते त्या दोन मिनिटांत होतं.

हे सगळं करायला दिवसाचे दोन तास लागतात. ते दोन तास बाईकडे नसतात, आणि इथं दवाखान्यापेक्षा आपलं काम जास्त आहे. बचतगटातल्या बायकांनी पाण्याची पाळी वाटून घेतली, स्वयंपाकाचा एक वेळचा डबा आळीपाळीनं दिला, तर दोन तास निघतात. एका गावात गटातल्या चौघी संध्याकाळी तिच्याबरोबर पाणंदीनं चालायला जायच्या. एकटी बाई विनाकारण फिरते हे गावाला खपलं नसतं, पाच जणी फिरलेल्या खपल्या. दोन महिन्यांचं वाटप आधी ठरवा, कारण ऑपरेशननंतर सहा आठवडे हंडा, दळणाचा डबा, कडेवरचं मूल काही उचलायचं नाही. नवऱ्याला भाकरी येत नसेल तर हे तीन आठवडे त्याच्याही पूर्वतयारीचे. हसू नका, मी शिकवून घेतलं आहे. पहिल्या भाकरीचा नकाशा होतो, आठव्या दिवशी फुगते.

मुंबईला आलेल्या बायकांची अडचण निराळी. परळला टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे, आणि तारखेची वाट बघत आजूबाजूला राहणारी माणसंही तेव्हापासूनच असतील. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर फुटपाथ. तिथं अंडी कुठं उकडणार आणि चालणार कुठं? तरी श्वासाला जागा लागत नाही, उठाबशांना एक पायरी पुरते. शेंगदाणे, फुटाणे, केळी, दूध हातगाडीवर मिळतं. तुमच्या गावची बाई मुंबईला निघाली की तिच्याबरोबर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा द्या आणि रोज एक फोन करा. “लाडू खाल्ला का, किती चाललीस, मिशरी लावलीस का,” एवढंच विचारायचं.

मी सांगितलेलं सगळं एका कागदावर लिहून आणलं आहे. दवाखान्यात विचारायचे प्रश्न मागच्या बाजूला आहेत. दाराजवळच्या टेबलावर गठ्ठा ठेवला आहे, जाताना घेऊन जा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचा कागद वेगळा आहे. तो पिवळा. ते कमी आहेत, म्हणून एका गटानं एकच घ्या आणि झेरॉक्स काढा.